विनावाहक, विनाथांबा

"एक दाबा म्हंतीया. दाबू का?"

"कशासाठी एक?"

"त्येच ऐकत हुतो, तेवढ्यात तुमी बोलला, मास्तर."

औंधला यमाईच्या देवळापुढं, दीपमाळेच्या सावलीत सकाळी अकराच्या सुमाराला कधी आलात, तर हा संवाद तुमच्या कानावर पडल्याशिवाय राहणार नाही. एक गृहस्थ मांडीवर वही घेऊन, फोन तळहातावर पुरणपोळीसारखा आडवा धरून त्याच्याशी भांडत बसलेले असतात. फोन कायम स्पीकरवर. याचं एक कारण म्हणजे अण्णांच्या व्यवहारात लपवाछपवी नसते, आणि दुसरं म्हणजे अण्णांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. एकतीस वर्षं एस.टी.च्या इंजिनाकडं तोच कान होता, असं ते सांगतात.

हे आमचे डायरेक्ट अण्णा. त्यांचं आडनाव गावात फारसं कुणाच्या लक्षात नाही. एकदा लग्नपत्रिकेच्या पाकिटावर 'श्री. डायरेक्ट अण्णा, सहकुटुंब' असं लिहून आलं. पाकीट देणारा घाबरत घाबरत आला होता. अण्णांनी ते पाकीट देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवलं आहे.

अण्णांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं आहे: "मधला माणूस दोन्हीकडनं खातो आणि ढेकर तिसरीकडं जाऊन देतो." म्हणून आंबे घ्यायचे तर देवगडहून डायरेक्ट. त्यासाठी अण्णा स्वतः एस.टी.नं देवगडला गेले, चार पेट्या घेतल्या, टपावर टाकल्या, तीन ठिकाणी गाड्या बदलल्या आणि घरी आल्यावर दोन पेट्यांचा रस आयताच झालेला होता. तो वाटीवाटीनं सगळ्या आळीत वाटताना अण्णांच्या चेहऱ्यावर पराभवाचं चिन्ह नव्हतं. "चव बगा. डायरेक्ट बागंतली हाय." बेदाणा घ्यायचा तर तासगावहून, आणि तोही अख्खा बॉक्स, कारण पाव किलो मागितला की मालक भेटत नाही, दुकानदार भेटतो. पुढची दोन वर्षं त्यांच्या घरी उपम्यापासून आमटीपर्यंत कशातही बेदाणा सापडायचा.

देवाच्या बाबतीतही हाच नियम. अण्णा रोज पहाटे अंगणात बारा सूर्यनमस्कार घालतात. आता औंधच्या माणसानं सूर्यनमस्कार घालणं यात नवल नाही. राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी साऱ्या संस्थानाला, शाळेतल्या पोरांसकट, नमस्कार घालायला लावले होते आणि त्यावर पुस्तकही लिहिलं होतं. पण अण्णांचं कारण वेगळं. "सूर्याला पुजारी न्हाई, मास्तर. आपुन हिकडं, त्यो तिकडं. मधी कोन न्हाई."

अशा माणसाची उभी हयात एस.टी.च्या वाहकीत जावी, हा यमाईचाच विनोद म्हणायचा. खाकी कपडे, चामड्याची पिशवी, तिकिटांचा ट्रे आणि पंचची ती खट्‌खट् यात अण्णांनी एकतीस वर्षं काढली. आपला आदर्श मात्र ते सातारा-स्वारगेट गाडीच्या पाटीत बघत: विनावाहक, विनाथांबा. "काय पाटी हाय! मधी कोन चढत न्हाई, मधी कोन उतरत न्हाई." त्या पाटीतला पहिला शब्द आपलीच नोकरी खाणारा आहे, हे अण्णांच्या कधी ध्यानात आलं नाही. आम्हीही आणून दिलं नाही.

त्यांचं लग्नसुद्धा डायरेक्टच ठरलं. काकी कोकणातल्या, हर्णैच्या. अण्णा तेव्हा कुंभार्ली घाटातल्या गाडीवर होते. काकी वडिलांबरोबर मामाकडं कराडला निघाल्या होत्या. घाट चढेपर्यंत अण्णांनी चारदा तिकीट तपासलं आणि पाटणच्या अलीकडं वडिलांना सरळ विचारलं, "मुलगी द्याल का?" वडील म्हणाले, "आधी आमचा दीड रुपया द्या." सुट्टे नाहीत म्हणून अण्णांनी दीड रुपया तिकिटाच्या पाठीवर लिहून दिला होता. कराड आलं, सोयरिकीची बोलणी सुरू झाली आणि दीड रुपया राहूनच गेला. ते तिकीट काकींनी अजून ठेवलं आहे. घरात काही वादावादी झाली की त्या एवढंच म्हणतात, "दीड रुपया बाकी आहे."

बोटीचं वेड काकींचं. लहानपणी त्या मुंबईहून हर्णैला बोटीनं यायच्या. भाऊच्या धक्क्यावर गर्दी, डेकवर पसरलेल्या वळकट्या, रात्रभर इंजिनाची धडधड आणि पहाटे लांबवर सुवर्णदुर्ग. पावसाळ्यात बोटी बंद. पुढं रस्ते झाले, एस.टी. गावोगाव पोचली आणि त्या बोटी कायमच्याच गेल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये कान्होजी आंग्र्यांची आठवण सांगणारी 'आंग्रिया' मुंबई-गोवा सुरू झाली, तेव्हा काकींनी तिचा पेपरातला फोटो कापून भिंतीवरच्या कॅलेंडरमागं टाचणीनं लावला. दर डिसेंबरला कॅलेंडर बदलायचं, फोटो तिथंच. अण्णा म्हणायचे, "जाऊ. पन डायरेक्ट जाऊ." आणि त्या डायरेक्टच्या शोधात वर्षांमागून वर्षं गेली.

शेवटी लग्नाला चाळीस वर्षं झाली त्या साली काकींनी निर्वाणीचं सांगितलं. त्यातच काकींच्या भिशीतल्या बायकांनी "आम्हीपण" म्हटलं आणि बघता बघता सहा जोडपी झाली. त्यात मी आणि आमची मंडळीही. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत मुंबई, असं ठरलं. एकीच्या सासूबाईंनी रामदास बोटीची आठवण काढून खो घालायचा प्रयत्न केला. रामदास १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली बुडाली, आणि आमच्याकडच्या जुन्या माणसांना जगात तेवढी एकच बोट माहीत. अण्णांनी शांतपणे समजावलं, "ती भर पावसाळ्यात गेली, मावशी. आपुन फेब्रुवारीत चाललोय."

मग वही आली. अण्णांनी तिची पानं वेबिलासारखी आखली. वेबिल म्हणजे वाहकाचा हिशेबाचा कागद: कुठल्या टप्प्याला किती तिकिटं, किती रक्कम. इथं टप्प्यांच्या जागी फोन होते. वार, वेळ, पलीकडच्याचं नाव, काय म्हणाला, किती म्हणाला. एकूण अकरा फोन झाले. अकराही वेळा मी शेजारी होतो, कारण हिंदीतला चिवट भाग माझ्याकडं असायचा.

"सर, इंटिरिअर चाहिए, ओशन व्ह्यू या बाल्कनी?"

"खिडकीची शीट द्या."

"सर, कॅबिन है, सीट नहीं."

"मग केबिनीत खिडकीची शीट द्या."

दुसऱ्या फोनला अण्णांनी सवलतींचा विषय काढला. एस.टी.त पंच्याहत्तरीच्या पुढं प्रवास फुकट, पासष्टच्या पुढं अर्धं तिकीट आणि २०२३ पासून बायकांना सरसकट निम्मं भाडं. "आमच्या मंडळींना महिला सन्मान लावा." पलीकडं बराच वेळ संगीत वाजलं. मग तिकडची मुलगी परत आली आणि म्हणाली की अशी स्कीम सिस्टिममध्ये दिसत नाही. अण्णांनी वहीत लिहिलं: 'सवलत: चौकशी चालू.'

तिसऱ्या फोनला कळलं की जाहिरातीतला आकडा दोघं एका केबिनीत असली तरचा, आणि तोही दर माणशी. चौथ्याला कळलं की बंदराचे आकार वेगळे. पाचव्याला कर. सहाव्याला, बोटीवर वाढणाऱ्या-झाडणाऱ्यांची बक्षिसी दर दिवशी दर डोई, आणि तीही आधीच धरायची. सातव्याला, बेटावर उतरून फिरायचं तर त्याचे पैसे निराळे. अण्णा चिडले नाहीत. त्यांनी प्रत्येक रकमेपुढं टप्पा क्रमांक टाकला. त्यांचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. रोज नवा माणूस फोन उचलायचा आणि अण्णांना आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागायची. "मास्तर, ह्येंच्या गाडीवर कंडक्टर रोज बदलतोय. काल कोन कुठं चढलं, आजच्याला कसं कळायचं?"

लक्षद्वीपला उतरायला परवाना लागतो, हे कळल्यावर तर अण्णा कवरत्तीला थेट सरकारलाच पत्र लिहायला बसले. कागदपत्रं गोळा करून ते काम बोटवालेच करतात, हे समजवायला आठवा फोन खर्ची पडला.

याच सुमाराला पौषातली यमाईची यात्रा आली आणि यात्रेबरोबर साताऱ्याचा एक पोरगा आला. त्याची आत्या आमच्या आळीत राहते आणि तो प्रवासाची बुकिंगं करतो. काकींनी त्याला मुद्दाम जेवायला बोलावलं. अण्णांनी त्याच्या पानात पोळी वाढली आणि विचारलं, "तुझं पोट कशावर चालतं रं?"

"बोटवाल्यांवर, अण्णा. कमिशन ते देतात."

"म्हंजे आमच्याच खिशातनं."

"भाड्यात ते धरलेलंच असतं. तुम्ही माझ्याकडनं घ्या नाहीतर त्यांच्याकडनं, भाडं बहुतेक तेवढंच पडतं. डायरेक्ट घेतलंत तर माझा वाटा त्यांच्याकडंच राहतो. तुमच्याकडं येत नाही."

अण्णांचा घास हातातच राहिला. पोरगा पुढं सांगत गेला. सहा केबिनी एकदम घेतल्या तर गटाचा दर मागता येतो. कुठली केबिन इंजिनाच्या डोक्यावर, कुठली नाचगाण्याच्या हॉलखाली, हे त्याला पाठ. आणि काही बिघडलं तर फोन एकाच माणसाला. "तोटापण सांगतो," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "बुकिंग माझ्याकडनं झालं की बोटवाले तुमच्याशी बोलत नाहीत. तारीख बदला, नाव दुरुस्त करा, सगळं माझ्यामार्फत. आणि मी त्या दिवशी लग्नात असलो तर तुम्ही लटकला."

"ह्ये बगा!" अण्णांना शेवटचं वाक्यच ऐकू आलं. उजवा कान त्याच बाजूला होता.

आता खरं सांगायचं तर मलाही एजंटांचं फार प्रेम नाही. आम्ही एकदा एका एजंटाकडनं उटीला गेलो होतो. 'लेक व्ह्यू'चे जादा पैसे दिले. खिडकी उघडली तर समोर हॉटेलची पाण्याची टाकी. फोन केला तर तो म्हणाला, "पाणी दिसतंय ना, सर?" त्यामुळं मी कुणाच्याच बाजूनं बोललो नाही. पण अण्णांनी इतिहासात हात घातला, तेव्हा मास्तरकीला जाग आली.

"औंध हाय ह्ये," ते त्या पोराला म्हणाले. "१९३९ ला राजानं सोताहून सत्ता रयतेला दिली. डायरेक्ट! मधी कोन ठेवला न्हाई."

"ठेवला होता, अण्णा," मी म्हणालो.

औंधच्या प्रयोगाबद्दल कुणी चुकीचं बोललं तर आमच्या गावातल्या मास्तरला गप्प बसवत नाही. राजेसाहेबांनी सत्ता सोडली हे खरंच. चिरंजीव अप्पासाहेब पंत, मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर आणि सल्ल्याला खुद्द गांधीजी. पण ती घटना डायरेक्ट नव्हती. गावानं पंचायत निवडायची. पंचायतींच्या प्रमुखांची तालुका समिती व्हायची. तिच्यातून माणसं वर विधिमंडळात जायची. औंध, आटपाडी, कुंडल असं तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं संस्थान, बहुतेक भाग आजच्या सातारा-सांगलीत वाटला गेलेलं. आटपाडीच्या माणसानं औंधला डायरेक्ट येऊन काय बोलायचं? त्याचं म्हणणं आणायला कुणीतरी मधे हवा, फक्त तो त्याच्या ओळखीचा हवा.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पन गांधीजींनी कमिशन घेतलं न्हाई." यावर उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी डायरेक्ट बुकिंग केलं. पडद्यावर एकाच जातीच्या केबिनीचे दोन दर होते आणि त्यातल्या स्वस्त दरापुढं 'गॅरंटी' असं लिहिलेलं. अण्णांचे डोळे चमकले. "बाकीचे नुसती केबिन देत्यात. ह्ये गॅरंटी देत्यात, आन् तीबी कमी पैशात!" सहा केबिनी, सहाही गॅरंटीच्या. आळीत पेढे वाटले.

गॅरंटी म्हणजे काय, ते निघायला आठवडा राहिला तेव्हा फोनवर आलेल्या केबिन नंबरांनी सांगितलं. गॅरंटी एवढीच की त्या प्रकारची केबिन मिळेल. कुठली, कुठं, हे बोटवाले त्यांच्या सोयीनं शेवटी ठरवणार. आमच्या सहा केबिनी चार वेगवेगळ्या मजल्यांवर होत्या आणि खिडकी एकीलाही नव्हती. अण्णा त्या दिवशी दीपमाळेखाली आले नाहीत.

रात्री साडेनऊला मात्र त्यांनी मला हळूच अंगणात बोलावलं आणि साताऱ्याच्या त्या पोराला फोन लावला. स्पीकर बंद. आयुष्यात पहिल्यांदा. "ह्ये आपल्या दोघांत," ते कुजबुजले, आणि डाव्या कानाला फोन लावल्यामुळं पोराचं उत्तर मलाच ऐकून सांगावं लागलं. तो म्हणत होता, बुकिंग तुमचं, मी हात लावू शकत नाही. पण उद्या सकाळी फोन करा आणि केबिनीचं सोडून द्या, जेवणाची एकच वेळ आणि शेजारशेजारची टेबलं मागा, ती बहुतेक देतात. सहाही केबिनींचं चेक-इन एकाच बैठकीत करा. आधारवर जसं नाव आहे तसंच टाका, काकींच्या माहेरच्या नावाचा गोंधळ घालू नका. औषधं मोठ्या बॅगेत टाकू नका, बॅग केबिनीत उशिरा पोचते. पाव तास बोलला. एक पैसा मिळणार नव्हता त्याला.

अण्णांनी सगळं वेबिलात उतरवून घेतलं आणि पुढचे आठ दिवस तो माणूस कामाला लागला. बारा आधार कार्डांच्या झेरॉक्स, बारा फोटो, परवान्याचे बारा अर्ज. कुणाच्या शुगरच्या गोळ्या, कुणाचा उपास, कुणाला वरचा बिछाना नको. कुणाचा फोन साधा म्हणून त्याचं चेक-इन अण्णांच्या फोनवर. साताऱ्याहून मुंबईच्या एस.टी.चं आरक्षण, ज्याची-त्याची सवलत लावून. निघायच्या पहाटे साडेतीनला अण्णा दारोदार कडी वाजवत फिरत होते. सगळ्यांचे पैसे गोळा करून भरणा झाला, तेव्हा सदतीस रुपये उरले होते. ते बारा जणांत भागत नाहीत म्हणून अण्णा अस्वस्थ. मी म्हणालो, "तुमच्या फोनचा खर्च समजा." माझ्याकडं त्यांनी असं पाहिलं, जणू मी विनातिकीट सापडलो होतो.

काकी पिशव्या मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एवढं त्या पोरानं केलं असतं तर त्याला एजंट म्हटलं असतं."

बॅलार्ड पिअरवरनं बोट सुटली. बोटीचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी बघितली त्यांना नको आणि ज्यांनी नाही त्यांना खरं वाटणार नाही. बिनखिडकीच्या केबिनीत दिवस की रात्र कळत नाही, त्यामुळं अण्णांनी पहिल्या सकाळी सव्वादोनला सूर्यनमस्कार घातले, एवढं सांगितलं तरी पुरे. नंतर कुणी केबिनीत थांबलंच नाही. सगळे दिवसभर डेकवर. काकी कठड्याला टेकून समुद्राकडं बघत उभ्या राहायच्या आणि अण्णा त्यांच्याकडं.

अगत्ती आलं तेव्हा बोट एकदम उभी राहिली. किनारा समोर दिसत होता, पांढरी वाळू, माड, मधे निळंहिरवं उथळ पाणी. बोट काही हलेना.

"काय झालं? थांबा हाय का?" अण्णांनी विचारलं.

"पुढं नाही जायची," काकी म्हणाल्या. त्यांचा चेहरा हर्णैच्या सहा वर्षांच्या मुलीचा झाला होता. "मोठी बोट कधीच डायरेक्ट किनाऱ्याला लागत नाही हो. आमच्या हर्णैलाही लांबच उभी राहायची. मग होडी यायची, मधली."

खालून खरंच होड्या येत होत्या. लाटेबरोबर होडी वर यायची, खाली जायची आणि मधल्या नेमक्या क्षणाला पाय टाकायचा. आमच्यातल्या बायका आणि निम्मे पुरुष दारातच थबकले. होडीवाल्याची भाषा कुणाला कळेना.

अण्णा सगळ्यात आधी उतरले. होडीच्या मधोमध पाय फाकून उभे राहिले, घाटाच्या वळणावर राहायचे तसे, कशालाही न धरता. "चला, हात द्या. पिशवी माझ्याकडं. मावशी, खाली बगू नका, माझ्याकडं बगा. पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा हाय." एकेक करून आमची माणसं बसली. आमच्याबरोबर एक गुजराती कुटुंब होतं, तेही अण्णांनी बसवलं. मग ओठ हलवत माणसं मोजली, दोनदा.

काकींना सगळ्यात शेवटी घेतलं. बसता बसता त्यांनी विचारलं, "तिकीट?"

अण्णांनी खिशात हात घातला, त्या सदतीस रुपयांतली चिल्लर चाचपली आणि पुन्हा हात बाहेर काढला. "सुट्टे न्हाईत. लिहून देतो."

आणि मागं होडीवाल्याकडं न बघता होडीच्या लाकडी काठावर बोटांनी दोनदा ठोकलं. टक्, टक्.

होडी सुटली.